मदत हवी आहे: पुरावा खरा आहे, पण तो कशाचा? हे नववीला कसं शिकवायचं?

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवतो.

जूनपासून दर शनिवारी शेवटचा तास आम्ही 'पुराव्याचा तास' म्हणून घेतो. मुलांनी घरी ऐकलेला किंवा मोबाइलवर आलेला एखादा दावा आणायचा, सोबत त्याचा पुरावा आणायचा, आणि वर्गाने तो तपासायचा. सुरुवात झकास झाली. कोणी सांगितलं, त्याला त्यातलं कळतं का, त्यात त्याचा काही फायदा आहे का, आणि मूळ बातमी कुठली, हे चार प्रश्न पोरांच्या तोंडी बसले. २२ मार्च २०२०च्या थाळ्यांचा नाद नासाच्या उपग्रहाने टिपला, युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवलं, असले दावे पाच मिनिटांत निकालात निघायला लागले. मीही जरा हवेत होतो.

गाडी अडली ती हळदीवर. आमच्याकडे निम्म्या वर्गाच्या घरी हळद पिकते, उरलेल्यांपैकी काहींच्या घरचं कोणीतरी यार्डात हमाली नाहीतर तोलाई करतं. एका मुलीने दावा आणला: हळदीने जखम भरते. पुरावा म्हणून डॉ. माशेलकरांची गोष्ट, ते तेव्हा सीएसआयआरचे, म्हणजे देशाच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं, आपल्या सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ साली ते रद्द करून घेतलं. "म्हणजे अमेरिकेनंपण मान्य केलं, सर." वर्गाने चारही प्रश्न लावले, पुरावा चारही प्रश्नांत पास. टाळ्या पडल्या, मीही मान डोलावली.

घरी जाताना गाडीवर डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पेटंट रद्द झालं ते 'यात नवीन काही नाही' म्हणून. सीएसआयआरने जुने संदर्भ काढून दाखवले, त्यात १९५३ सालचा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला एक लेखही होता. म्हणजे हा पुरावा अस्सल आहे, पण तो 'भारतात हे आधीपासून ठाऊक होतं' याचा. हळदीने जखम खरंच लवकर भरते का, हा त्या भांडणातला मुद्दाच नव्हता.

सोमवारी वर्गात हे सांगितलं तर प्रश्न आला, "म्हणजे माशेलकर सर चुकले?" दुसऱ्या बाकावरून, "म्हणजे हळदीनं जखम भरतच नाही?" दोन्हीला नाही म्हणालो आणि पोरांचे चेहरे बघून कळलं की काही पोचलेलं नाही. पुढच्या शनिवारी एकाने छापील कागद आणला. हळदीतल्या कर्क्युमिनने प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी मारल्या. संस्था नावाजलेली, बातमी खरी. त्याचा दावा: रोज हळदीचं दूध प्यायलं की कॅन्सर होत नाही. पुन्हा तोच घोळ. वर एका पालकाने फाटकात गाठून विचारलं, "आमच्याच मालाला नावं ठेवायला शिकवताय व्हय?"

तर मदत हवी आहे ती अशी: पुरावा विश्वासार्ह आहे का, हे मला शिकवता येतं. तो *या दाव्याला लागू पडतो का*, हे कसं शिकवायचं? वर्गात ४८ मुलं, तास ३५ मिनिटांचा, प्रोजेक्टर आहे पण त्याचा दिवा गेलाय. इंग्रजी मजकूर चालणार नाही.

प्रतिसाद १

सर, मी निवृत्त शिक्षिका. तुमचा क्रम उलटा झालाय असं वाटतं. मुलं पुरावा आधी बघतात आणि दावा त्याला चिकटवतात. आधी दावाच फळ्यावर लिहून सोलून काढा. 'हळदीने जखम भरते' हा दावाच नव्हे हो, जखम तशीही भरते! खरा दावा 'हळद लावली तर न लावण्यापेक्षा लवकर भरते' असा आहे. 'पेक्षा' हा शब्द फळ्यावर आला की अर्धं काम झालं.

मग पुरावा उघडायच्या आधी प्रत्येकाला वहीत लिहू द्या: हे खरं की खोटं हे कळायला मला काय बघावं लागेल? कोणी लिहील, दहा जणांना हळद लावायची, दहा जणांना नाही. मग माशेलकरांची गोष्ट वाचून दाखवा आणि विचारा, तुम्हाला जे बघायचं होतं ते यात आहे का? आपणहून 'नाही' म्हणतील, तुम्हाला सांगावं लागणार नाही.

प्रतिसाद २

औषध कंपनीत आहे म्हणून दुसऱ्या कागदाबद्दल बोलतो. बशीतल्या पेशींवर मीठ जास्त पडलं तरी त्या मरतात. त्या बशीत मारणं सोपं, माणसाच्या अंगात जाऊन नेमक्या त्याच मारणं अवघड. शिवाय हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के, आणि पोटातून ते रक्तात फारच थोडं उतरतं. २०१७ साली जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्रीमध्ये यावर मोठा आढावा आला होता. इतक्या वर्षांच्या संशोधनानंतरही माणसांवरच्या काटेकोर चाचणीत त्याने यश दाखवलेलं नाही, असा त्याचा सूर होता.

वर्गासाठी: जमिनीवर खडूने जिना काढा. पहिली पायरी बशीतल्या पेशी, दुसरी उंदीर, तिसरी थोडी माणसं, चौथी पुष्कळ माणसं आणि त्यांची तुलना दुसऱ्या गटाशी. पुरावा आणणाऱ्याने आपल्या पुराव्याच्या पायरीवर उभं राहायचं, दावा सांगणाऱ्याने दाव्याच्या. दोघांत किती पायऱ्या मोकळ्या राहिल्या ते वर्गाने मोजायचं.

आणि त्या पालकांना सांगा, आमटीतल्या हळदीला कोणी हात लावत नाहीये.

प्रतिसाद ३

जिना आवडला. त्यात एक भर. पुरावा दाव्यापेक्षा लहान असतो, हे दाखवायला आपल्या पुण्यातलीच चाचणी घ्या. २००८ साली डॉ. जयंत नारळीकरांनी दाभोलकर, प्रकाश घाटपांडे आणि संख्याशास्त्राचे प्रा. सुधाकर कुंटे यांच्यासोबत ज्योतिषाची परीक्षा घेतली होती. १०० हुशार मुलांच्या आणि १०० बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या पत्रिका जमवल्या, भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० पाठवल्या, कोणती कुठल्या गटातली ते सांगा म्हटलं. २७ जणांची उत्तरं आली. सरासरी यश ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी ५० च्या आसपास आलं असतं.

मजा पुढे आहे. वर्गाला विचारा, यावरून काय सिद्ध झालं? पोरं ओरडतील, 'ज्योतिष खोटं!' तिथेच पकडा. तपासलं होतं ते एकच: पत्रिकेवरून बुद्धी ओळखता येते का. लग्नाच्या, पावसाच्या भाकितांबद्दल या चाचणीतून थेट काही म्हणता येत नाही. (मी स्वतः पत्रिका मानत नाही, म्हणून हे म्हणायला जरा जड जातं.)

प्रतिसाद ४

हे सगळं छान, पण बोर्डात याला किती मार्क?

प्रतिसाद ५

वरच्यांना: शून्य. तरी वाचा.

सर, आम्ही यवतमाळकडे पावाचा प्रयोग करतो. एकाच पुड्यातले तीन तुकडे, सारखे ओले करून पिशवीत बंद. एक साधा, एकावर हळद, एकावर तेवढंच तांदळाचं पीठ. पीठ कशाला? कोरडी भुकटी भुरभुरल्यानेच बुरशी कमी येत असेल तर ते कळायला नको? पिशव्या उघडू देऊ नका, बुरशी नाकात जाते.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. पंधरा दिवसांनी लिहितोय.

'पेक्षा'ची युक्ती पहिल्याच दिवशी चालली. ताई, मुलं आता दावा खोडूनच पुन्हा लिहितात, फळा पुरत नाही. जिन्यावर चौथ्या पायरीसाठी ढकलाढकली झाली, एकाचं ढोपर फुटलं. त्याच्यावर हळद लावू का म्हणून वर्ग खदखदला.

पाव केले. साध्यावर पाचव्या दिवशी बुरशी, पिठाच्यावर सहाव्या, हळदीच्यावर आठव्या दिवशीही नाही. फक्त एका गटाच्या हळदीच्या पावावर आली, त्यांनी पाणी जास्त घातलं होतं असं ते म्हणतात, बाकीचे मानत नाहीत. हळदवाल्यांची पोरं खुशीत. तेवढ्यात पहिला दावा आणणारी ती मुलगी उठली आणि म्हणाली, "पण सर, माझी जखम म्हणजे पाव नाही."

आता ती जखमेवरचाच पुरावा मागतेय, माणसांवरचा. वर्गात ढोपरं फोडून तर बघता येणार नाही. जखमेवर हळद लावून केलेला, तुलनेचा गट असलेला एखादा अभ्यास कोणाला माहीत असेल तर सांगा. इंग्रजीत असला तरी चालेल, मी रविवारी बसून मराठीत उतरवून काढतो.