जुन्या गाडीत कूलंट कोणते भरावे?

प्रश्न: कोथरूडमध्ये नुकतीच जुनी पेट्रोल गाडी घेतली. कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) तपकिरी झाले आहे आणि आधी कोणते भरले होते याची नोंद नाही. हिरवे घ्यावे की गुलाबी? खंबाटकी घाट चढताना काळजी वाटते.

उत्तर १: रंगावर विसंबू नका, कारण रंगाचे सर्वमान्य प्रमाण नाही, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला प्रकारच घ्या. न जुळणारी कूलंट एकत्र आल्यास साका धरून रेडिएटर तुंबू शकतो, म्हणून जुने काढून डिस्टिल्ड वॉटरने स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. बोअरचे पाणी मुळीच नको, क्षार साचतात.

उत्तर २: इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच रेडिएटरचे झाकण उघडा. कूलंटवर तेलकट साय दिसल्यास आधी हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांमधील सील) तपासून घ्या. काढलेले कूलंट विषारी, पण गोडसर असते. सोसायटीतील कुत्री-मांजरे ते चाटतात, तेव्हा कृपया उघडे ठेवू नका.