नायक २०२६ ला सुटतो असं लिहिलंय, हिशोब बरोबर आहे का? (ठाणे-नवी मुंबईतली प्रेमकथा)

घणसोलीकर:
कादंबरीचा कच्चा खर्डा झालाय. नायकाला ऑक्टोबर २०१६ मध्ये भांडणातल्या मृत्यूवरून अटक होते, मुक्काम ठाणे कारागृह. २०१९ ला भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४ भाग दोनखाली (सदोष मनुष्यवध) सात वर्षं शिक्षा, म्हणून सुटका २०२६. नायिका दिघ्याची, कोपरखैरण्यात शाळेच्या गणवेशांचं शिवणकाम चालवते. २०१८ ला तो फर्लोवर (कैद्याच्या रजेवर) येतो तेव्हा पहिली भेट. सुटल्यावर रिक्षा चालवतो, दोन दिवसांत कोर्ट मॅरेज. चुका काढा. भावनेचं मी बघतो.

कोर्टनाका:
पहिलीच चूक मोठी आहे. निकालाआधी आत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात (तेव्हाची फौजदारी प्रक्रिया संहिता, कलम ४२८). मोजणी ऑक्टोबर २०१६ पासूनच धरा. सात वर्षं ऑक्टोबर २०२३ ला भरतात, त्यातून शिक्षेत मिळणाऱ्या माफीचे दिवस गेले की सुटका त्याआधीच. २०२३ चा पावसाळा धरा.

२०१८ मध्ये तो कच्चा कैदी आहे, म्हणजे निकाल लागायचाय. कच्च्याला फर्लो नाही, पॅरोलही नाही, फक्त जामीन. निकालानंतरची भेट हवी तर फर्लो, म्हणजे संचित रजा, चालेल. त्याला कारण लागत नाही आणि ते दिवस शिक्षेत धरले जातात. पॅरोलला आजारपण, लग्न, मृत्यू असं कारण लागतं आणि ते दिवस धरत नाहीत. दोन्हींना हमीदार आणि स्थानिक पोलिसांचा अहवाल लागतो. हमीदार कोण राहिला, हाच तुमचा पहिला प्रसंग होऊ शकतो.

कपडेही बदला. कच्चा कैदी स्वतःच्या कपड्यांत असतो, पांढरा सदरा-टोपी निकालानंतर. शिक्षा लागल्यावर त्याला नाशिकरोड किंवा येरवड्याला हलवणं जास्त पटेल. आणि भारतीय न्याय संहितेचा उल्लेख नको, ती दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झाली.

ट्रान्सहार्बर:
२०२३ धरलं की नायिका दिघा गाव स्टेशनला उतरू शकत नाही, ते जानेवारी २०२४ ला सुरू झालं. ऐरोलीला उतरवा. बेलापूर-पेंधर मेट्रोही त्या पावसाळ्यात नाही, ती १७ नोव्हेंबर २०२३ ची.

नोटबंदी त्याला माहीत असणार, आत पेपर आणि टीव्ही असतो. हाताळलेलं काहीच नसतं, फरक तेवढाच. त्यामुळे "हे यूपीआय काय असतं?" असं त्याला विचारायला लावू नका. तो क्यूआरसमोर नुसता उभा राहील. घरच्या डब्यात पाचशेच्या जुन्या नोटा सापडल्या तर दहापेक्षा जास्त दाखवू नका, २०१७ च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

खरा अडथळा मोबाईल नंबर. सिम महिनोन्‌महिने बंद राहिलं की नंबर दुसऱ्याला जातो. मग ओटीपी परक्याकडे. बँक खातं दोन वर्षांत निष्क्रिय झालेलं, शाखेत जाऊन केवायसी. आधार केंद्रात नवा नंबर जोडायला कागद लागत नाहीत, बोटांचे ठसे पुरतात. तिथे त्याने तिचा नंबर दिला तर आधारचा पुढचा प्रत्येक ओटीपी तिच्या फोनवर येईल. हा धागा सोडू नका.

घणसोलीकर:
ओटीपीचं घेतलं! रिक्षाचं काय?

कोर्टनाका:
रिक्षाचालकाच्या बॅजसाठी (बिल्ल्यासाठी) पोलीस पडताळणी असते. शिवाय लायसन्स संपून वर्ष उलटलं की नूतनीकरणाला पुन्हा चाचणी. एमआयडीसीतल्या कंत्राटदारांकडे आणि सिक्युरिटीतही तीच पडताळणी आडवी येते. एपीएमसी बाजारात माथाडी (हमाली) करायचा विचार असेल तर माथाडी मंडळाची नोंदणी लागते, कुणी कामगारांच्या टोळीत सहज घेत नाही. पण कारागृहात शिवणकाम शिकवतात आणि तुमच्या नायिकेला कारागीर हवाय. जूनच्या आधी गणवेशांची घाई, नगावर पैसे. कशाला रिक्षा?

नोटीसबोर्ड:
दोन दिवसांत कोर्ट मॅरेज होत नाही. विशेष विवाह कायदा, १९५४: दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य, मग नोटीस, मग हरकतींसाठी ३० दिवस. तीन साक्षीदार. नोटिशीनंतर तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर पुन्हा पहिल्यापासून.

तिच्या भावाने हरकत घेतली तर? शिक्षा भोगलेली असणं हा हरकतीचा आधारच नाही. आधीचं लग्न, वय, नातं, मानसिक स्थिती एवढंच चालतं. हरकत फेटाळली जाते, पण नाव-पत्ता फलकावर महिनाभर लागतो. चाळीत बातमी त्यातून फुटते.

दोघं हिंदू असतील तर देवळात लग्न लावून नंतर नोंदणी होते, ३० दिवसांचं झंझट नाही. तो रस्ता ते का टाळतात, याचं कारण द्या, नाहीतर वाचक विचारेल.

शाईपेन:
तिला शिक्षेबद्दल कधी कळतं ते लिहिलं नाहीत. शेवटी कळवू नका, तो जुना मसाला झाला आणि तोवर तो दोनशे पानं खोटं बोललेला असतो. तिसऱ्या प्रकरणात त्यानेच सांगावं, आणि ज्याचा जीव गेला त्याचं नाव घेऊन सांगावं. मयताचं घर कळव्यात ठेवा. ट्रान्सहार्बर लोकलने ठाण्याला जाताना तिला खिडकीतून ते दिसत नाही, पण ठाण्याहून गाडी बदलून कळव्याकडे जायचं म्हटलं की ती टाळाटाळ करते. त्यावर एक प्रकरण निघेल.