युरीन कल्चर अंतराळात लावायचं तर?

नाईटवाला_मिरज:
आत्ताच सीएलईडीवर, म्हणजे जंतू वाढवायच्या प्लेटवर, अकरा युरीन लावले. तारेचा लूप ज्योतीवर लालबुंद करायचा, गार करायचा, बुडवायचा, ओढायचा. हात आपला चालतोय. मधेच डोक्यात आलं, अंतराळ स्थानकात कुणाला लघवीला जळजळ होऊन ताप भरला तर? ज्योत पेटवता येणार नाही, थेंबही खाली पडणार नाही. मग अंदाजानेच गोळ्या देतात का? सातपर्यंत जागाच आहे, सांगा कुणीतरी.

काचपट्टी_काका:
अहो, झालंय असं. १९७० साली अपोलो १३ हे चांद्रयान परत येताना त्यातल्या फ्रेड हेज या अंतराळवीराला मूत्रमार्गाचा संसर्ग झाला, तापाने फणफणला. पाणी इतकं जपून वापरत होते की माणशी दिवसाला पाव लिटरही मिळत नव्हतं.

तुमच्याकडे जंतू ओळखणारं व्हायटेक मशीन असेल ना? त्याचं मूळ यातच आहे. यानात जंतू आपोआप ओळखणारं यंत्र हवं म्हणून मॅकडॉनेल डग्लसने नासासाठी काम केलं, त्यातून ते निघालं. आपलं ते पत्त्याएवढं कार्ड आठवा. ६४ खाचा, जंतू कालवलेलं सस्पेन्शन नळीने आत ओढलं की बंद. उघडं काहीच नाही, म्हणजे तरंगायलाही काही नाही. मला हे निवृत्तीच्या तोंडावर कळलं. तोवर मशीन अडकलं की नुसत्या शिव्याच देत होतो.

पीसीआर_ताई:
काका, पण कार्डाला आधी प्लेटवर एकाच जंतूचा वाढलेला ठिपका, शुद्ध कॉलनी, लागते, म्हणजे एक दिवस गेलाच. २०१७ मध्ये अंतराळवीर पेगी व्हिटसननी स्थानकातल्या पृष्ठभागांवरचे जंतू प्लेटवर वाढवले, बंद ग्लोव्हबॉक्समध्ये कॉलनी उचलली, छोट्या मशीनवर पीसीआर केला (डीएनएच्या भरपूर प्रती काढल्या) आणि तळहातावर मावणाऱ्या मिनआयनवर डीएनए वाचला. तेव्हाच ह्यूस्टनला हार्वे वादळाचा तडाखा बसला होता. तिथल्या नासाच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सारा वॉलेस स्वतःच्या मोबाईलवरून त्यांना सूचना देत होत्या. नंतर नमुने खाली आणून तपासले, उत्तर तेच आलं.

काचपट्टी_काका:
ताई, जंतूचं नाव कळलं, पण सेन्सिटिव्हिटीचं, म्हणजे कुठलं अँटिबायोटिक त्याला लागू पडेल याचं, काय? डॉक्टर तर पहिलं तेच विचारणार. आणि १९८२ मध्ये सॅल्यूत ७ या सोव्हिएत अंतराळ स्थानकावर ई. कोलाय आणि स्टॅफ ऑरियस हे जंतू वाढवून पाहिले, तर त्यांना रोखायला जमिनीवरच्यापेक्षा जास्त अँटिबायोटिक लागलं. म्हणजे आपला सेन्सिटिव्हिटीचा तक्ता तिथे जसाच्या तसा लावायचा की नाही, हा प्रश्न उरतोच. मला विचाराल तर मशीन लहान करणं त्यामानाने सोपं.

नाईटवाला_मिरज:
बापरे. आणि मिडस्ट्रीम, म्हणजे सुरुवातीची धार सोडून मधली, कशी घेत असतील? तिथे लघवी नळीने ओढून घेतात म्हणे.

काचपट्टी_काका:
इथे जमिनीवर तरी कोण धड देतं? आमच्याकडे एकाने कोल्ड्रिंकच्या बाटलीत अर्धा लिटर आणून दिलं होतं. वर विचारतो, "पुरेल ना?"