मदत हवी आहे: स्लीव्हच्या ऑपरेशननंतर शाकाहारी घरात रोजचं 65 ग्रॅम प्रोटीन कसं भरायचं?

नमस्कार मंडळी,

इथे बरीच वर्षं नुसती वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

वय 46, राहणार कर्वेनगर. दहा आठवड्यांपूर्वी माझं वजनाचं ऑपरेशन झालं, स्लीव्ह. म्हणजे जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी एक नळी शिल्लक ठेवतात. तेव्हा वजन 112 होतं, आज 95. शुगरची एक गोळी बंद झाली, ऑफिसचा जिना एका दमात चढते. ऑपरेशनबद्दल तक्रार नाही. माझं भांडण वाटीशी आहे.

आहारतज्ज्ञांनी रोज 65 ग्रॅम प्रोटीन सांगितलंय. परवा स्वयंपाकघरातला काटा घेऊन दिवसभराचा हिशोब वहीत मांडला. सकाळी गायीचं दूध 150 मिली, 5 ग्रॅम. दहाला मुगाचं अर्धं धिरडं, 4. दुपारी अर्धी वाटी वरण आणि दोन चमचे मऊ भात, 3. चारला पनीर 30 ग्रॅम, 5. सहाला ताक, 2. रात्री चार चमचे मुगाची खिचडी आणि थोडं दही, 5. झाले 24. त्यावर एक घास जरी जास्त घेतला तरी छातीत कोंडल्यासारखं होतं आणि बेसिन गाठावं लागतं. जेवणासोबत पाणी नाही, नंतर अर्धा तास नाही, आणि तरी दिवसात दीड लिटर पाणी घोट घोट प्यायचं. मग खायचं कधी?

अडचणी दोन. एक, घरात अंडं येत नाही. माहेरी मी खायचे, पण सासूबाई 78 वर्षांच्या आहेत, स्वयंपाकघर त्यांचं आहे आणि बाहेर जाऊन लपूनछपून खायची माझी इच्छा नाही. दोन, प्रोटीन पावडर. दुकानदाराने गळ्यात मारलेला चॉकलेट चवीचा किलोभर डबा ओट्यावर आहे. झाकण उघडलं की त्या वासानेच मळमळतं. त्यात गेल्या आठवड्यापासून कंगव्यात केसांचे झुपके येताहेत.

आपल्या नेहमीच्या स्वयंपाकातून हा आकडा गाठलेलं कोणी आहे का? "डॉक्टरांना विचारा" हे माहीत आहे, पुढची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी आहे. तोवर रोज चार वेळा जेवायचं आहेच.

– वाटीचमचा

टेकडीवाला:
चिकन खिमा. मऊ शिजवायचा, नीट चावायचा. 100 ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये 27-28 ग्रॅम प्रोटीन. प्रश्न मिटला.

(संपादन: शाकाहारी शब्द वाचलाच नाही. सॉरी ताई.)

माझं जठराचं बायपास (वजनासाठीच, हृदयाचं नव्हे) 2021 मध्ये झालं. तुम्हाला लागू पडेल अशी एकच गोष्ट सांगतो. ताटात आधी प्रोटीन संपवायचं, मग भाजी, जागा उरली तर भात-पोळी. तुम्ही वरणात भात कालवून खाताय, म्हणजे निम्मी जागा भातालाच दिलीत. आणि गोडापासून जपा. पाचव्या महिन्यात चुलतबहिणीच्या लग्नात दोन जिलब्या खाल्ल्या. वीस मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड, पोटात कळा. मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत सतरंजीवर आडवा पडलो होतो आणि बाहेर विहिणींची पंगत चालू होती. डम्पिंग म्हणतात त्याला. बायपासवाल्यांना जास्त होतं, स्लीव्हवाल्यांना कमी, पण होऊ शकतं.

पेठेतला:
काय हे ग्रॅम ग्रॅम! आमची आजी वरणभात, लिंबू आणि वर तुपाची धार एवढ्यावर नव्वदी पार करून गेली. तिने कधी प्रोटीन मोजलं नाही. हलके घ्या.

मेतकूट:
@पेठेतला, तुमच्या आजीचं जठर अख्खं होतं.

वाटीचमचा, माझं स्लीव्ह होऊन सहा वर्षं झाली, घर शुद्ध शाकाहारी, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

आधी वरणाबद्दलचा गैरसमज काढून टाका. तूरडाळीत प्रोटीन आहे, कच्च्या 100 ग्रॅममध्ये 22 च्या आसपास. पण आपल्या घरी पातळ वरण करतात त्यात वाटीत डाळ किती आणि पाणी किती? एरवी माणूस दोन वाट्या ओरपतो, सोबत पोळी, उसळ, ताक, म्हणून निभावतं. तुमच्या पोटात अर्धी वाटी मावते आणि त्यातलं बरंचसं पाणी असतं. त्यामुळे वाटीमागे किती हा हिशोब सोडा, घासामागे किती ते बघा. मला हे कळायला चार महिने लागले. तोवर माझ्या दंडातली ताकद इतकी गेली होती की कुकरचं झाकण लागेना.

आता घासामागे काय चांगलं. पहिला नंबर चक्का. 100 ग्रॅम दह्यात प्रोटीन जेमतेम साडेतीन ग्रॅम. तेच दही रात्रभर पंचात टांगून पाणी काढलंत की तेवढ्याच घट्ट चक्क्यात 8 च्या आसपास. साखर नाही घालायची, श्रीखंडाचा विचार मनातून काढा. मीठ, जिरेपूड, किसलेली काकडी, वरून हिंगाची फोडणी. लागतो छान आणि उतरतो सहज.

दुसरं, साधी स्किम मिल्क पावडर. 100 ग्रॅममध्ये जवळजवळ 35 ग्रॅम प्रोटीन. सकाळच्या दुधात भरून दोन चमचे कालवलीत की कपाचा आकार तोच आणि प्रोटीन दुप्पट. दूध पचत नसेल, पोट फुगत असेल, तर मात्र हे नको. ऑपरेशननंतर काहींना दुधातली साखर सोसत नाही.

तिसरं, सोयाबीनच्या वड्या. सुक्या वड्यांत निम्म्याहून जास्त प्रोटीन असतं. गरम पाण्यात भिजवायच्या, दोनदा घट्ट पिळायच्या (तो उग्र वास पाण्यात जातो), मिक्सरला फिरवून खिमा करायचा आणि टोमॅटोत मऊ शिजवायचा. पहिल्यांदा दोनच चमचे खा, गॅस होतो. पनीर किसून धिरड्यात घाला, तुकडे चघळत बसण्यापेक्षा बरं.

आणि पावडरवर फुली मारू नका, चॉकलेटवर मारा. व्हे (दूध फाटल्यावर उरणाऱ्या पाण्यातलं प्रोटीन) बिनचवीचं मिळतं. ताकात अर्धा स्कूप, जिरेपूड, काळं मीठ, आलं. मी अशीच ढकलली. उकळत्या वरणात किंवा सुपात टाकायचं नाही, फाटून गुठळ्या होतात. कोमट झालं की मग घाला. दुधाने त्रास होत असेल तर व्हेचाच जास्त शुद्ध केलेला प्रकार, आयसोलेट घ्या, त्यात लॅक्टोज (दुधातली साखर) फार कमी असतं. पटकन शक्ती येते म्हणून जे माल्टचे डबे विकतात, त्यांच्या मागचं लेबल वाचा. साखर किती आणि प्रोटीन किती ते बघितलंत की दुकानातच ठेवून याल.

अवांतर: पिठलं. तुम्हाला वाटेल बेसन म्हणजे प्रोटीन. आहे, पण वाटीभर पिठल्यात बेसन असतं दोन चमचे. कुळथाचंही तेच. मन रमवायला खा, हिशोबात धरू नका.

वाटीचमचा:
मेतकूट, तुम्ही देवासारख्या भेटलात. कुकरच्या झाकणाचं वाचून दचकले, कारण परवा माझ्याकडून लोणच्याची बरणी उघडेना आणि मी बरणीला दोष दिला.

ऑफिसमध्ये (नारायण पेठेत एका पतसंस्थेत आहे) चक्का कसा नेऊ? दुपारपर्यंत आंबतो.

आणि केसांचं काय? सासूबाईंनी माक्याचं तेल सुरू केलंय.

मेतकूट:
स्टीलचा छोटा थर्मास, आदल्या रात्री झाकण काढून फ्रीजमध्ये ठेवायचा. गारच राहतो.

आहारवही:
मी आहारतज्ज्ञ आहे, तुमची नाही. तुमचे रिपोर्ट पाहिलेले नाहीत, त्यामुळे तुमच्या टीमचा शब्द माझ्या वरचा समजा.

बहुतेक रुग्णांना किमान 60 ग्रॅम सांगितलं जातं, कुणाला जास्त. ते आदर्श वजनावर ठरतं, आजच्या वजनावर नाही. वजन झपाट्याने उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात. ते वाचवायला प्रोटीन लागतं आणि सोबत थोडं वजन उचलणंही. नुसतं चालून हात-पाय बळकट राहत नाहीत. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्यांपासून सुरुवात करा. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल, क्रिएटिनिन वाढलेलं असेल, तर मात्र वरचे सगळे आकडे विसरा आणि आधी विचारा. शुगर होती म्हणून हे मुद्दाम लिहितेय.

केस: वजन झपाट्याने उतरलं की साधारण तिसऱ्या महिन्यापासून गळायला लागतात. मुळं शाबूत असतात, काही महिन्यांत गळणं थांबतं आणि नवे येतात. माक्याचं तेल लावा, सासूबाईंना बरं वाटेल. पण प्रोटीन, लोह, झिंक कमी पडलं तर गळती लांबते. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी12 आणि डी जीवनसत्त्व हे तपासून घ्या. शाकाहारी आणि त्यात स्लीव्ह, म्हणजे बी12 साठी पोटावर विसंबून राहू नका. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकदम घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. लोहाच्या गोळीवर चहा नको. अमृततुल्यच्या गावात हे सांगणं अवघड आहे, तरी सांगते.

कोलॅजेनच्या पुड्यांची जाहिरात दिसेल. केसांसाठी म्हणून घ्यायची तर घ्या, पण ते ग्रॅम 65 मध्ये मोजू नका. त्यात एक आवश्यक अमिनो आम्ल, ट्रिप्टोफॅन, नसतंच.

शेवटचं आणि महत्त्वाचं. जास्त घास झाला आणि उलटी झाली, ते वेगळं. पण रोज उलट्या होत असतील, पाणीही राहत नसेल, तर तीन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटलला फोन करायचा. सततच्या उलट्यांनी बी1 जीवनसत्त्व कमी पडतं आणि ते नसांवर जातं. चालताना तोल जाणं, दोन-दोन दिसणं, मुंग्या येणं, ही घाई करण्याची लक्षणं.

वाटीचमचा:
रोज नाही, आठवड्यात दोनदा झाली, दोन्ही वेळा घाईघाईत जेवले होते. तरी आजच फोन करून सांगते. क्रिएटिनिन ऑपरेशनच्या आधी नॉर्मल होतं.

पेठेतला:
ताई, माझा प्रतिसाद मागे घेतो. काल आईला हा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, तुझी आजी दुपारी मूठभर शेंगदाणे आणि रात्री पेलाभर दूध घ्यायची, ते सोयीस्कर विसरलास.

वाटीचमचा: (अडीच आठवड्यांनी)
धागा वर काढतेय, कारण सांगायला काहीतरी आहे.

हॉस्पिटलमधून लवकर बोलावलं, रक्त तपासलं. क्रिएटिनिन ठीक. फेरिटिन आणि बी12 दोन्ही कमी. बी12 ची इंजेक्शनं सुरू झाली, लोहाची गोळी रात्री हलवली. घाईने गिळू नका म्हणून ओरडाही खाल्ला. आता लहान चमचा घेऊन बसते, एका जेवणाला पंचवीस मिनिटं लागतात. ऑफिसमधल्या बायका म्हणतात, तुझ्याबरोबर डबा खायला बसलं की आम्हालाच दुसऱ्यांदा भूक लागते.

बुधवारचा हिशोब: दुधात दूध पावडर, 10. धिरड्यात पनीर, 8. दुपारी चक्का आणि तीन चमचे घट्ट वरण, भात नाही, 10. चारला पनीर, 7. सहाला ताकात बिनचवीचं व्हे, 14. रात्री सोयाखिमा आणि चमचाभर दही, 9. एकूण 58! सगळे दिवस असे जात नाहीत. शनिवारी आत्याकडे वास्तुशांत होती, 31 वर अडकले. केस अजून गळताहेतच.

सोयाखिम्याचा वास आला तेव्हा सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "हे कसलं?" वडी दाखवली, पाकीट वाचून दाखवलं. मग त्यांनीच गोडा मसाला घाला म्हणून सांगितलं, आणि खरंच बरा लागला. अंड्याचा विषय मी काढला नाही. श्रावण आहे, तो संपेपर्यंत तरी नाही.

आता गणपती येतील. आमच्याकडे पाच दिवस असतात, आणि उकडीचे मोदक मीच करते. एक खाल्ला तर चालेल का, की टेकडीवाल्यांसारखी सतरंजी आधीच अंथरून ठेवू?

टेकडीवाला:
अर्धा. जेवण झाल्यावर, प्रोटीन पोटात गेल्यावर, रिकाम्या पोटी नाही. तूप कमी. आणि आधी डॉक्टरांना विचारा.

मेतकूट:
मी दुसऱ्या वर्षापासून एक खाते. पहिल्या वर्षी नुसत्या कळ्या पाडल्या आणि वास घेतला. त्या चॉकलेटच्या डब्याचं काय केलंत?

वाटीचमचा:
मुलगा जिमला लागलाय, तो घेऊन गेला. झाकण त्याच्या खोलीत उघडायचं अशी अट आहे.