‘टिपणे’ म्हणजे मारणे की चित्र घेणे?

रानवाट : सुरुवातीच्या काळातल्या शिकारीच्या मूक लघुपटांवरचा एक लेख मराठीत आणतेय आणि दोन शब्दांपाशी अडलेय. एक ‘ट्रॅपर’, म्हणजे कातड्यांच्या व्यापारासाठी बर्फाळ मुलखात कोल्हे धरणारा. ‘पारधी’ चालेल का? दुसरा ‘शूट’. बंदुकीनेही शूट आणि कॅमेऱ्यानेही शूट, यावर लेखकाने अर्धा परिच्छेदभर कोटी केलीय. ती कशी उतरवू?

जुनी रीळ : कोटीसाठी ‘टिपणे’ आयतं आहे की! पाखरू दाणे टिपतं, टीपकागद शाई टिपतो, नेमबाज सावज टिपतो, छायाचित्रकार क्षण टिपतो. ‘जंगलात वाघ टिपला’ एवढंच कुणी सांगितलं तर वाघ आहे की गेला ते कळत नाही.

आणि ही नुसती शब्दांची गंमत नाही. एतियन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने पक्षी उडतात कसे ते पाहायला १८८२ मध्ये चक्क बंदुकीच्या घाटाचा कॅमेरा केला. दस्ता खांद्याला लावायचा, उडत्या पक्ष्यावर नेम धरायचा, की सेकंदात १२ चित्रं. पक्षी आपल्या वाटेने निघून जायचा.

खाडीकाठ : एक बारीक गोष्ट. बंदुकीचा चाप ओढतात, कॅमेऱ्याची कळ दाबतात. मारेच्या यंत्राला मात्र ‘चाप’च लिहा.

रानवाट : चाप घेतला. पण ‘टिपणे’ सगळीकडे बसेना. १९०९ मध्ये अमेरिकेचा माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आफ्रिकेत शिकारीला गेलेला असताना सेलिग नावाच्या निर्मात्याने शिकागोच्या स्टुडिओतच जंगल उभं केलं. रूझवेल्टसारखा दिसणारा नट उभा केला, एक म्हातारा सिंह आणला आणि कॅमेऱ्यासमोर त्याला खरंच गोळी घातली. इथे ‘सिंह टिपला’ लिहायला हात धजत नाही.

जुनी रीळ : नकोच. तिथे सरळ ‘मारला’. ‘टिपणे’त नेमाचं कौतुक असतं, आणि स्टुडिओत कोंडलेल्या सिंहावर कसला आलाय नेम! चेरी कर्टन या इंग्रज छायाचित्रकाराने खऱ्या आफ्रिकेत जाऊन खऱ्या रूझवेल्टला टिपलं, तो लघुपट १९१० मध्ये आला. त्यात सेलिगसारखा थरार नव्हता, म्हणून लोकांनी नाकं मुरडली. त्याच वर्षी कर्टनने ‘बफेलो’ जोन्स या अमेरिकन म्हाताऱ्याची मोहीमही चित्रित केली. जोन्स सिंहाला, गेंड्याला दोराचा फास टाकून जिवंत धरायचा. तिथे ‘शिकार’ही नको, ‘धरपकड’ बरं.

ओसरी : ‘पारधी’बद्दल कुणीच बोललं नाही. कृपा करून लिहू नका. कवितेत पारधी म्हणजे शिकारी असेल, पण ते जित्याजागत्या माणसांच्या जमातीचं नाव आहे. सबंध जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये गेला तरी त्याचा शिक्का त्यांच्या कपाळावरून पुरता पुसलेला नाही. शिवाय फासेपारधी हे नाव फाशावरून आलं, म्हणजे दोरीच्या फासक्यावरून. तुमच्या ट्रॅपरच्या लोखंडी दातांच्या सापळ्यावरून नव्हे. आपल्याकडे अवजारागणिक शब्द आहे : दोरीचा तो फासा, जनावर हाकून अडकवायचं जाळं ती वाघूर, आमिष बांधून दार पडायचं तो पिंजरा, खटका बसतो तो सापळा. आधी चित्रपटात काय दिसतं ते बघा, मग शब्द निवडा.

रानवाट : लेखात ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ही आहे, एका इनुइट (एस्किमो) शिकाऱ्यावरचा १९२२ चा मूकपट. लघुपट नाही तो, पण कातड्यांचा व्यापार करणाऱ्या रेव्हिलाँ कंपनीच्या पैशातून निघाला म्हणून उल्लेख आलाय. त्यात नानूक बर्फातून जिवंत पांढरा कोल्हा ओढून काढतो. म्हणजे ‘सापळा’. आणि माणूस ‘सापळे लावणारा’. लांबलचक आहे, पण असू दे.

जुनी रीळ : शीर्षकात ‘कोल्ह्याचा सापळा’ तेवढं टाळा. लोक हाडं शोधत बसतील.

खाडीकाठ : मासेमारीचं काय करताय? ल्युमिएर बंधूंच्या १८९५ च्या पहिल्या जाहीर खेळात एक चित्रपट होता. नावात मासे धरणं, आणि पडद्यावर काय, तर ओग्युस्त ल्युमिएरची तान्ही लेक सोनमाशांच्या काचेच्या भांड्यात हात घालतेय! त्याला ‘मासेमारी’ म्हणाल तर डोळ्यांपुढे होडी आणि जाळं येतं. मारण्याचा तर प्रश्नच नाही. ‘सोनमासे पकडताना’ पुरे.

रानवाट : आणि गळ घेऊन नदीकाठी तासन्‌तास बसणारे हौशी साहेब? तसेही दोन लघुपट आहेत यादीत.

खाडीकाठ : त्याला आम्ही ‘गरवणे’ म्हणतो. गरी टाकून मासे धरणं. ‘बाबा गरवायला गेलेत’ म्हटलं की संध्याकाळपर्यंत वाट बघायची नाही हे घरात सगळ्यांना कळतं.

ओसरी : शब्द झकास आहे, पण घाटावर ‘गळ’च म्हणतात. नुसतं ‘गरी’ लिहिलंत तर आमच्याकडचे फणस शोधतील.

खाडीकाठ : फणसाचा गरा, माशाची गरी. एवढं तर शिकवा त्यांना!