अशरचा वाडा वाचताना तुम्ही कुठे टरकलात?

रानजाई
भाचीला बीएला यंदा अमेरिकन कथाकार एडगर ॲलन पो आहे. काल कुकरच्या शिट्ट्यांमध्ये तिला 'द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर' वाचून दाखवली आणि हॉस्टेल आठवलं. लाइट गेलेले, मेणबत्तीवर ही गोष्ट वाचून आम्ही तिघी एका कॉटवर झोपलो होतो.

१८३९ ची गोष्ट. भूत नाही, शाप नाही. रॉडरिक अशरचं पत्र आलं म्हणून बालमित्र येतो. छपरापासून थेट तळ्याच्या पाण्यापर्यंत नागमोडी उतरलेली भेग त्याला बाहेरूनच दिसते, तरी आत जातो. ते एक वेळ सोडा. पण जुळी बहीण मॅडलिन गेली म्हणून हे दोघंच पेटी उचलून तळघरात नेतात. झाकण सरकवून बघतात तर चेहऱ्यावर लाली, ओठांवर हसू! आणि हे शहाणे स्क्रू आवळून वर येतात. मला मॅडलिनपेक्षा त्या मित्राचीच भीती वाटली. एवढा समजूतदार माणूस, पण 'अरे, एकदा नाडी बघू का' एवढंही विचारत नाही.

तुम्ही कधी वाचलीत? लिहा बरं.

पक्या_सेकंडशिफ्ट
आवाज!!! वादळी रात्री रॉडरिकला शांत करायला मित्र पुस्तक वाचतो ना, त्यात एथेलरेड नावाचा वीर दार फोडतो की इकडे वाड्यात कुठेतरी फळी फुटते. पुस्तकात ड्रॅगन किंचाळतो, की खालून किंचाळी. मग ढाल पडते. मी नाइटला कंट्रोल रूममध्ये वाचत होतो आणि नेमका ढालीच्या ओळीला बाहेर कोणाच्या तरी हातून पाना पडला. चहा कीबोर्डवर. साहेबांना काय सांगणार, ढाल पडली म्हणून?

मिनू१२
पक्या, हसून हसून पुरेवाट

डॉ_खोडरबर
दोन पेशंटच्या मध्ये टंकतोय. नाडीचं म्हणाल तर मॅडलिनला कॅटालेप्सी होती, त्यात शरीर ताठ आणि श्वास जेमतेम. स्टेथोस्कोप १८१६ मध्ये निघाला होता, पण जिवंतपणी पुरलं जाण्याची धास्ती तेव्हा लोकांना खरोखर होती. जर्मनीत तर प्रेत कुजायला लागेपर्यंत देखरेखीखाली ठेवायची खास घरं बांधली होती. पोनेच पुढे १८४४ मध्ये याच भीतीवर वेगळी कथा लिहिली.
आणि रॉडरिक पेटी पंधरवडाभर घरातच ठेवतो त्याचं एक कारण कोण? डॉक्टर! विचित्र आजार, त्यात त्यांना रस, आणि घराण्याची दफनभूमी लांब, उघड्यावर. त्या काळी विच्छेदनासाठी थडगी उकरून प्रेतं पळवायचे. आमच्या जमातीचा हाही लौकिक.

रानजाई
डॉक्टर, भाचीला दाखवलं. ती विचारतेय परीक्षेत लिहिलं तर मार्क मिळतील का.

सुलूमावशी
मी गोष्ट नाही वाचली पण लेकीबरोबर मालिका बघितली. ती औषध कंपनीवाली. एकेक मूल मरतं त्यात. मधेच उठून भाजी निवडायला गेले, बघवेना.

मिनू१२
मावशी ती २०२३ ची, नावं तेवढी मूळची. मूळ कथेत वाड्यात माणसं मोजकीच आणि मुलं तर नाहीतच

सूरपेटी
रॉडरिकला उजेड, वास, कापडाचा स्पर्श काहीही सोसत नाही, आवाज चालतो तो फक्त तंतुवाद्यांचा. माझ्या गुरुजींना मोठ्याने बोललेलं चालायचं नाही, तंबोरा मात्र तासन् तास. म्हणून मला हा माणूस वेडा वाटलाच नाही कधी.
फ्रेंच संगीतकार देब्युसीने या कथेवर ऑपेरा करायला घेतला होता. बरीच वर्षं झगडला, १९१८ मध्ये गेला तरी अपुराच. बरोबरच आहे. ज्याला आवाजच सोसत नाही त्याच्यावर ऑपेरा!

कोकणी_फणस
मला भीती नाही, हेवा वाटला. अशरांच्या घराण्याला टिकाऊ फांदीच फुटली नाही, वाडा सरळ बापाकडून मुलाकडे. आमच्या गावच्या घराला हिस्सेदार इतके की एक वासा बदलायचा तर तीन देशांत फोन करावे लागतात. मागची भिंत फुगलीय. सगळे गणपतीला येतात, भिंतीकडे बघून 'काहीतरी करायला हवं' म्हणतात, मोदक खातात, जातात. अशरांचा वाडा वारस नव्हते म्हणून तळ्यात पडला, आमचा वारस फार झाले म्हणून पडणार. तळं नाही, विहीर आहे. चालेल ना?

पक्या_सेकंडशिफ्ट
+१ आणि दंडवत

परदेशी_चिमणी
बाल्टिमोरला पोची कबर आहे, १८४९ मध्ये तो तिथेच गेला. सासूबाईंना घेऊन गेलो होतो. दर १९ जानेवारीला, त्याच्या वाढदिवशी, कोणी अनोळखी माणूस पहाटे तीन गुलाब आणि कोन्याकची बाटली ठेवून जायचा, २००९ पर्यंत चाललं, असं मी रंगवून सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, बाटली अर्धीच ठेवायचा ना? (खरंच अर्धीच असायची!!) तिथल्या फुटबॉल टीमचं नाव पण याच्या कवितेवरून, रेव्हन्स. बाळ उठलं, नंतर लिहिते

सुलूमावशी
फणस, वारसनोंद केलीत का? आधी ते करा. आमच्या ह्यांनी टाळलं आणि दीर गेल्यावर फार निस्तरावं लागलं. मृत्यूदाखले आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे जा.

डॉ_खोडरबर
धागा अशरकडून तलाठी कार्यालयात पोचल्याबद्दल अभिनंदन.

मिनू१२
घर गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीत नमुना ८ चा उतारा बघा, कोणाचं नाव आहे त्यावर?

कोकणी_फणस
पणजोबांचं.

पक्या_सेकंडशिफ्ट
मग घरपट्टी कोण भरतं??

कोकणी_फणस
काका भरतात. पावती पणजोबांच्याच नावाने येते.