घर नाही, दारू सुटत नाही, रात्री आवाज ऐकू येतात. फुकट उपचारासाठी आधी कुठे जाऊ?

प्रश्न: बसस्थानक

सात आठवडे झाले, रात्री बसस्थानकावर काढतोय. वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर अर्धा तास मिळतो, त्यात हे लिहितोय, चुका सांभाळून घ्या.

दारू रोज लागते. सकाळी दोन घोट पोटात गेल्याशिवाय हात स्थिर होत नाहीत. उजव्या घोट्याजवळ तीन आठवड्यांची जखम आहे. मोजा तिला चिकटतो, पाणी लावून सोलून काढावा लागतो. आणि गेले पंधरा दिवस रात्री कुणीतरी माझं नाव घेऊन बोलतं. बघावं तर जवळ कुणी नसतं.

एका रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात गेलो, तर म्हणाले आधी दारू सोडा, मग या. व्यसनमुक्ती केंद्रात गेलो, तर म्हणाले आवाज ऐकू येणारा पेशंट आम्ही घेत नाही, आधी मानसोपचाराचा कागद आणा. ओळखपत्र बॅगेसकट चोरीला गेलंय. पैसे नाहीत.

उद्यापासून आपणच दारू बंद करायची असं ठरवलंय. निदान एका दारातून तरी आत घेतील. कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

उत्तर: रात्रपाळी

मी आपत्कालीन विभागात परिचारिका आहे. बाकी काही वाचायच्या आधी एवढं ऐका: उद्या एकट्याने दारू बंद करू नका.

सकाळच्या घोटाशिवाय हात थरथरतात, म्हणजे शरीराला दारूची सवय पक्की झाली आहे. अशा माणसाने एकदम थांबवली की पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात ताप, घाम, भास, कुठे आहोत याचं भान जाणं असं सुरू होऊ शकतं. त्याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. दारू सोडायचीच आहे, पण देखरेखीखाली. रुग्णालयात काही दिवस औषध देऊन त्याचा डोस उतरवत नेतात, सोबत बी-१ म्हणजे थायमिन देतात. दारूत जेवण सुटलेलं असतं आणि बी-१ संपलं की मेंदूला इजा होते: तोल जातो, डोळे नीट हलत नाहीत, गोंधळ उडतो.

आवाजांचं कारण दारू असेल, सात आठवड्यांची अपुरी झोप असेल किंवा वेगळा आजारही असेल. हे डॉक्टरांनी तपासून ठरवायचं, तुम्ही स्वतःवर शिक्का मारून घेऊ नका. ते आवाज जीव द्यायला सांगत असतील, तर दारात शिरताच पहिलं वाक्य तेच बोला.

उत्तर: जुना मुक्काम

भाऊ, या दोन दारांमध्ये मी अकरा महिने येरझाऱ्या घातल्यात. आज दारू सुटून चार वर्षं झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझी चूक अशी झाली की मी प्रत्येक दारात अर्धाच माणूस घेऊन जायचो. मानसोपचारात दारू लपवायची, व्यसनमुक्तीत आवाज लपवायचे. एकदा फॉर्मवर सही करताना पेन हातातून तीनदा पडलं आणि समोरच्या बाईंनी काही न बोलता फॉर्म परत घेतला. मी शरमेने उठून निघून आलो. तेव्हाच तोंड उघडलं असतं तर पुढचे पाच महिने वाचले असते.

तू सरकारी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. ओपीडीत नको. ओपीडीत एकेका आजाराची वेगळी खिडकी असते, इथे सगळा माणूस एका खाटेवर असतो आणि लागेल त्या विभागाचा डॉक्टर त्या खाटेपाशी येतो. सगळं एका दमात सांग: "रोज दारू पितो, थांबवली की हात कापतात, आवाज ऐकू येतात, पायाला जखम आहे, राहायला जागा नाही." शेवटचा दारूचा घोट किती वाजता घेतला तेही सांग, डॉक्टर ते विचारतातच.

राहायला जागा नाही हे वाक्य गाळू नकोस. मीही ते गाळलं होतं. डॉक्टरांनी मला दिवसातून तीनदा गोळ्या आणि घरी रोज ड्रेसिंग असं लिहून दिलं. घर कुठलं? त्या गोळ्या दोनदा चोरीला गेल्या, पट्टी पावसात भिजली. पुढे एका डॉक्टरांनी विचारलं, "झोपता कुठे?" त्या एका प्रश्नाने उपचारच बदलले. आवाजांवरची काही औषधं इंजेक्शनमधून दोन ते चार आठवड्यांनी एकदा घेता येतात. ते कुणी चोरू शकत नाही. तुला लागेल की नाही ते डॉक्टर ठरवतील, पण असं असतं हे तुला माहीत हवं.

दुसरं, वैद्यकीय समाजसेवक कुठे बसतात ते विचार. मोठ्या रुग्णालयात हे लोक असतात, पण आपण मागितल्याशिवाय ते खाटेपर्यंत येतीलच असं नाही. बिलाची माफी, हरवलेलं ओळखपत्र, निवाऱ्याची जागा, व्यसनमुक्ती केंद्राशी बोलणं, हे त्यांचं काम. त्या केंद्राला हवा असलेला कागदही तेच मिळवून देतील. आणि डिस्चार्जच्या कागदावर सही करण्याआधी त्यांना स्पष्ट विचार की आज रात्री मी झोपू कुठे.

बाहेर आल्यावर दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट असलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभेत बस. १९३५ पासून हे चालू आहे. फी नाही, ओळखपत्र नाही, आडनाव विचारत नाहीत, दारू सोडायची इच्छा एवढीच अट. मी पहिल्या चार सभांत एक शब्द बोललो नाही, तरी सहाव्या दिवशी कुणीतरी विचारलं, "काल का आला नाहीस?" कित्येक महिन्यांत माझी वाट पाहणारं कुणी नव्हतं. मात्र अंगातली दारू उतरवण्याचा उपचार तिथे होत नाही, तो रुग्णालयातच.

आधी सुधारून दाखव मग मदत देऊ, हे ज्यांनी तुला सांगितलं त्यांच्यामुळे खचू नकोस. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने रस्त्यावरच्या मनोरुग्णांना, नशा करणाऱ्यांनाही, दारू सोडण्याची अट न घालता आधी घर दिलं आणि उपचार सोबत चालू ठेवले. बहुतेक जण त्या घरांत टिकून राहिले. तुझी दारू सुटलेली नाही म्हणून तू मदतीला अपात्र ठरत नाहीस.

बसस्थानक

वाचलं. ते एक वाक्य हातावर लिहून घेतलंय. कोंडून ठेवतील का, ही भीती वाटते. आणि आत्ता संध्याकाळ झालीय, सकाळी गेलो तर चालेल का? मिनिटं संपत आलीत.

रात्रपाळी

आत्ताच जा. आपत्कालीन विभाग रात्रभर उघडा असतो आणि तुमची थरथर सकाळीच वाढते. चालताना चक्कर आली किंवा गोंधळल्यासारखं झालं तर जवळ दिसेल त्याला रुग्णवाहिका बोलवायला सांगा. कोंडण्याची भीती वाटते हेही डॉक्टरांना सांगा. कुठलं औषध, कशासाठी, किती दिवस, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

मोजा मात्र ओढून काढू नका. तसाच राहू द्या, आम्ही सलाईनने भिजवून काढतो.